तिसऱ्या गिअरमधला आवाज

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही. मी न्हावऱ्याच्या एका जुन्या पांढऱ्या जीपचा गिअरबॉक्स आहे. ड्रायव्हरच्या डाव्या हाताशी जो दांडा असतो, त्याच्या बरोबर खाली, गाडीच्या पोटात मी राहतो. माझं घर म्हणजे एक जड लोखंडी पेटी. तिच्यात पोलादी चाकं एकमेकांच्या दातांत दात अडकवून फिरतात. त्या चाकांच्या मधे पितळेच्या कड्या आहेत. एका गिअरमधून दुसऱ्यात जाताना चाकांचा वेग जुळवून देण्याचं नाजूक काम या कड्या करतात. बाकी आत दीड लिटर तेल आणि कायमचा अंधार. मला दिसत काही नाही. ऐकू मात्र सगळं येतं, आणि न दिसलेलं माणसांच्या बोलण्यातून कळतं.

मला कुठल्या कारखान्यात घडवलं ते आठवत नाही. आठवतं ते पहिलं तेल. ते आत आलं आणि माझे दात पहिल्यांदा एकमेकांना न दुखवता भेटले. त्या दिवसापासून मला एवढं कळलं, की माझं आयुष्य लोखंडावर नाही, दोन दातांच्या मधे उभ्या असलेल्या त्या पातळ थरावर चाललं आहे.

माझी उमेदीची वर्षं कोंडिबाच्या हाताखाली गेली. न्हावऱ्याहून तळेगाव ढमढेरेच्या बाजाराला माणसं न्यायची, परत आणायची, मधल्या दिवसांत शिरूर, इनामगाव, कधी दौंडचं रेल्वे स्टेशन, असा त्याचा धंदा. जीपमध्ये मेथीच्या जुड्या, कोंबड्या, म्हाताऱ्या बायका, सगळं दाटीवाटीनं बसायचं. कोंडिबा कधी दांडा रेटायचा नाही. थंडीच्या सकाळी माझं तेल घट्ट व्हायचं आणि दुसरा गिअर अडायचा. तेव्हा तो जबरदस्ती करत नसे. पहिला मैल-दीड मैल हळू चालवायचा आणि मला तापू द्यायचा. शेजारी बसलेल्याला म्हणायचा, "त्याला बी जाग येऊ द्या की."

दर वर्षी थंडी सरली की तो मला न्हावऱ्याच्या चौकात हनुमंताच्या गॅरेजमध्ये न्यायचा आणि माझं तेल बदलायचा. जुन्या तेलाचा थेंब अंगठा आणि बोटाच्या मधे चोळून बघायचा, वास घ्यायचा. एका वर्षी हनुमंताच्या दुकानात नेहमीचा डबा नव्हता. शेजारच्या दुकानातून दुसरा आला. त्यावरही तेलाच्या दाटपणाचा नव्वद नंबरच होता. कोंडिबा झाकण उघडणार, तेवढ्यात हनुमंतानं त्याचा हात धरला.

"नंबर एकच हाय, पण त्ये न्हाई," तो म्हणाला. "खाली बारीक अक्षरात बघ. जीएल पाच. ते मागच्या हाउसिंगचं, मागच्या चाकांच्या मधल्या डब्याचं तेल. आपल्याला जीएल चार पायजे."

"काय फरक पडतो?"

"त्यातला मसाला लई कडक असतो. पोलादाला चालतो, पितळ खातो. आज कळायचं न्हाई. वर्षा-दोन वर्षांनी कड्या झिजून जातील आन् मग गिअर धरायचा न्हाई."

कोंडिबा त्या दिवशी तेल न बदलता घरी गेला. चार दिवसांनी योग्य डबा आला, तेव्हा परत आला.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. न्हावऱ्याहून इनामगावकडे जाताना दोन्ही बाजूंना उसाची शेतं असलेला एक सरळ रस्ता लागतो. तिथं तिसरा गिअर पडला की कोंडिबा ओठ मिटून गुणगुणायचा. शब्द नसत. सूर हळूहळू वर चढायचा, थोडा थरथरायचा आणि शेवटी एकदम खाली यायचा. त्याचा तळवा दांड्यावर असे. तो सूर त्याच्या छातीतून हातात, हातातून दांड्यात आणि दांड्यातून माझ्यापर्यंत यायचा. मागच्या माणसांना तो इंजिनाच्या आवाजात ऐकू जात नसेल. मला, आणि शेजारच्या सीटवर बसणाऱ्या त्याच्या बायकोला, मुक्ताबाईला, तो पाठ होता.

मागच्या वर्षी मे महिन्यातल्या एका सकाळी तो हात आला नाही.

जीप वीस-पंचवीस दिवस दारातच उभी होती. मला वरून माणसांचे पाय ऐकू यायचे, बुद्धवंदनेचे शब्द ऐकू यायचे, भांड्यांचा आवाज यायचा. मग एके दिवशी दांड्यावर दुसराच हात पडला. गरम, घाईतला. तो कोंडिबाचा भाचा सतीश होता. मामा गेल्यावर मामीच्या घरची जीप चालू राहावी म्हणून तो कारेगावची नोकरी सोडून आला होता. मनानं चांगला पोरगा. पण थंडी पडली आणि दुसरा गिअर अडायला लागला, तसा तो चिडायला लागला.

डिसेंबरात दौंड स्टेशनला माणसं सोडून परत येताना त्यानं एका दुकानापुढे गाडी थांबवली. मी ते बोलणं ऐकलं. दुकानदार म्हणाला, "नव्वद नंबर जुन्या लोकांचं. हे लाल तेल घाला, स्टेअरिंगमधी घालतात ते. पातळ असतंय. आता कितीतरी नव्या गाड्यांच्या गिअरबॉक्सात असलंच येतंय."

तो खोटं बोलत नव्हता, मित्रांनो. पातळ तेलावर चालणारे गिअरबॉक्स असतात. त्यांचे दात, त्यांच्या फटी, सगळं त्या तेलासाठीच केलेलं असतं. पण मी त्यांच्यातला नव्हतो, आणि माझ्याबद्दल कुणी विचारलं नाही.

जुनं तेल गेलं. लाल तेल आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. सतीश घरी जाऊन म्हणाला, "मामी, गाडी नवी झाली." मलाही बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

फेब्रुवारी संपला आणि ऊन तापायला लागलं. तापल्यावर ते तेल पाण्यासारखं झालं. दोन दातांच्या मधे उभं राहीना. पोलाद पोलादाला लागू लागलं. तो स्पर्श मला दुखत होता, पण ओरडता येत नव्हतं. म्हणजे मला तसं वाटत होतं.

एका दुपारी सतीश मुक्ताबाईला घेऊन इनामगावला निघाला होता. उसाच्या रस्त्यावर त्यानं तिसरा गिअर टाकला आणि पुढे बैलगाडी दिसली म्हणून अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला. तेव्हा माझ्यातून एक आवाज निघाला. हळूहळू वर चढला, थोडा थरथरला आणि शेवटी एकदम खाली आला.

मला पहिल्यांदा वाटलं, कोंडिबाचा हात आला.

"थांब," मुक्ताबाई म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "सतीश, पुन्यांदा कर."

"काय करू?"

"आत्ता जे केलंस ते."

त्यानं वेग घेतला, पाय उचलला. तोच सूर. "तुझ्या मामांचाच सूर हाय ह्यो," ती म्हणाली. सतीशचा हात दांड्यावरून निसटला.  

अशा गोष्टी गावात लपत नाहीत. कोंडिबा गाडीत रडतो, असं लोक म्हणू लागले. पंधरा दिवसांत न्हावऱ्याच्या स्टँडवर माणसं आमच्या जीपला पाठ करून उभी राहायला लागली. एक बाई बसली आणि मधेच उतरून पायी गेली. कुणीतरी पुढच्या बंपरला लिंबू-मिरच्या बांधल्या. कोंडिबाची मुलगी करुणा हिनं त्या तोडून टाकल्या. ती रांजणगावच्या एका कारखान्यात तपासणीच्या कामाला होती. नवीन घडवलेले गिअर फिरवून, त्यांचा आवाज ऐकून, बरे-वाईट ठरवायचं, हेच तिचं काम. "आपल्यात असलं मानत न्हाईत," ती सतीशला म्हणाली. "माणूस गेला की गेला. लोकांचं काय ऐकतोस?"

पण सुट्टीच्या दिवशी तीच करुणा एकटी जीप घेऊन उसाच्या रस्त्यावर जायची. तिसरा गिअर टाकायची आणि पाय उचलायची. मी तो सूर काढायचो. ती वळून परत यायची, पुन्हा तेच. एकदा असं अकरा वेळा केलं.  घरी आल्यावर आईला म्हणाली, डिझेल भरायला गेले होते.

आणि मुक्ताबाई? ती रोज ऊन कललं की दारात उभ्या असलेल्या जीपमध्ये येऊन बसायची. इंजिन बंद असायचं. इंजिन बंद असलं की मी मुका असतो, हे लक्षात घ्या. माझं एकही चाक हलत नसे, तेलाचा थेंबसुद्धा पडत नसे. अशा वेळी ती दांड्यावर हात ठेवायची आणि म्हणायची, "व्हय. ऐकतेय मी."

ती कुणाचं ऐकत होती ते मला आजही माहीत नाही. पेटीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तरी त्या दिवसांत मला माझ्याच अंधाराची भीती वाटू लागली होती.

एप्रिलमध्ये इनामगावला मुक्ताबाईच्या बहिणीकडे, विठाबाईकडे जेवण होतं. विठाबाईचं घर गावाबाहेर घोड नदीच्या बाजूला आहे. तिथून पुढे पांढरीची जुनी टेकाडं लागतात. फार पूर्वी तिथं वस्ती होती, आणि त्या लोकांनी आपली मेलेली लेकरं मडक्यांत घालून घराच्या जमिनीखाली पुरली होती, असं खोदकाम करणाऱ्यांनी सांगितलं होतं. भर दुपारी त्या बाजूला कुणी फिरकत नाही. सतीशनं जीप उतारावर, नदीकडे तोंड करून लावली. हँडब्रेक ढिला होता, म्हणून पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवली. जेवणं झाल्यावर करुणा आणि सतीश आत निरोप घेत होते. मुक्ताबाई आधीच बाहेर आली होती.

ती शेजारच्या सीटवर बसायची, तशी बसली नाही. ड्रायव्हरच्या जागेवर बसली. हात दांड्यावर ठेवला. बाहेर पानसुद्धा हलत नव्हतं.

तिनं दांडा ओढला नाही. लोक नंतर काहीही म्हणाले, म्हणून मी हे स्पष्ट सांगतो. माझ्या दातांच्या कडा तोवर झिजून गोल झाल्या होत्या. गाडीचं सगळं ओझं त्या कडांवर होतं. एक बारीक टक् असा आवाज झाला आणि माझी पकड सुटली.

जीप उतारावर चालू लागली. आधी अगदी हळू, कुणी हातानं ढकलावी तशी. खाली नदीकाठाला वाळू काढून झालेला खोल डोह होता. ते पाणी मुक्ताबाईला समोर दिसत असणार. ती ओरडली नाही. तिनं ब्रेकवर पाय ठेवला नाही. मी त्या वेळी कुठलाही सूर काढत नव्हतो, माझी चाकं नुसती मोकळी फिरत होती. तरी ती कान देऊन ऐकावं तशी थोडी पुढे वाकली आणि म्हणाली, "चला. येते मी."

वेग वाढला. मागून करुणाची हाक आली. "आई. आई, ब्रेक दाब." तिच्या चपलांचा आवाज, मग चपला सुटल्यावर अनवाणी पायांचा. मी दातांनी काहीतरी धरायचा प्रयत्न केला. धरायला काही नव्हतं.

डोहाच्या अलीकडे वेडी बाभूळ होती. जीपचं पुढचं चाक तिच्या बुंध्यावर चढलं आणि गाडी तिरकी होऊन थांबली. थोडी माती सुटली आणि पाण्यात पडल्याचा आवाज आला. 

करुणानं दार ओढून आईला बाहेर काढलं. मुक्ताबाईच्या कपाळाला खोक पडली होती, बाकी ती धड होती. सतीश लांबच उभा राहिला. "मामांनीच नेली गाडी," तो म्हणाला. "मी आता हिला हात लावणार न्हाई. इकून टाका."

"आप्पांनी न्हाई नेली," करुणा म्हणाली. तिला दम लागला होता. "गिअर सुटलाय."

"मग त्यो आवाज?"

करुणा खाली मातीतच बसली. "त्यो आवाज काय हाय ते मला पहिल्या दिवशी कळलं होतं. मी दिवसभर तेच तर ऐकते कारखान्यात. असा आवाज केला की आम्ही गिअर बाजूला काढतो. तेल कमी हाय न्हाईतर चुकीचं हाय, एवढंच." तिनं आईच्या कपाळावरचं रक्त पुसलं. "पण मलाबी त्यो आप्पांसारखाच ऐकू यायचा, सतीश. दुरुस्त केला तर जाईल म्हणून मी गप बसले. आन् आज आई गेली असती."

दुसऱ्या दिवशी जीप ट्रॅक्टरला बांधून हनुमंताच्या गॅरेजमध्ये आणली. हनुमंत आता थकला आहे, बोटं थरथरतात. त्यानं माझा खालचा बोल्ट काढला आणि तेल परातीत घेतलं. लाल तेल काळं पडलं होतं. त्यानं परात उन्हात तिरकी केली.

"ये, बघ," तो करुणाला म्हणाला. काळ्या तेलात सोन्याच्या भुकटीसारखं काहीतरी चमकत होतं. "हे पितळ. कड्या झिजल्यात. कुणी घातलं हे पाण्यासारखं तेल?"

"मी," सतीश म्हणाला. "दौंडला एकानं सांगितलं. काका, थंडीत गिअर पडत नव्हता."

हनुमंत त्याला रागावला नाही. म्हणाला, "बाबा, तेल वाईट न्हाई. ह्याच्यासाठी न्हाई, एवढंच. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतंय कुठलं घालायचं. पुस्तक नसलं तर ज्यानं गाडी उघडलीय त्याला इचार. दुसऱ्याच्या गाडीला काय चालतं ते आपल्या गाडीला लावायचं नसतं."

मग त्यानं मला उघडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या आत ऊन आलं. मला वाटलं होतं, आत खरंच कुणीतरी सापडेल. हनुमंतानं चिंध्यांनी सगळं कोरडं पुसलं, चाकं एकेक करून टेबलावर मांडली, झिजलेल्या कड्या बाजूला ठेवल्या. पेटी रिकामी झाली. तिच्यात कुणीही नव्हतं.

नव्या कड्या, पहिल्या गिअरचं एक नवं चाक, सगळं बसवायला चार दिवस लागले. शेवटच्या दिवशी तेल भरायच्या वेळी मुक्ताबाई गॅरेजमध्ये आली. कपाळाला पट्टी होती. तिनं हनुमंताला विचारलं, "भावजी, हे घातल्यावर त्यो आवाज जाईल का?"

हनुमंत हातातला डबा पुसत राहिला. मग म्हणाला, "जाईल, वैनी."

"सगळाच?"

"सगळाच. ऱ्हायला तर मी काम नीट केलं न्हाई असं म्हणा."

करुणा आईजवळ जाऊन उभी राहिली.  कुणी तिला घाई केली नाही. चौकातून एक एसटी गेली, तिचा धुरळा खाली बसला.

"ह्ये असते तर त्यांनी हेच घातलं असतं का?" मुक्ताबाईनं विचारलं.

"हेच. नव्वद नंबर, जीएल चार. दुसरं घालूच दिलं नसतं त्यांनी."

तिनं डबा हातात घेतला. त्यावरची अक्षरं बोट ठेवून सावकाश वाचली. मग तो हनुमंताला परत दिला. "घाला मग," ती म्हणाली.

तेल आत आलं. बाजूच्या भोकापर्यंत चढलं, एक धार बाहेर ओघळली, तेव्हा हनुमंतानं बोल्ट लावला. पुन्हा अंधार झाला. पण या वेळी माझे दात एकमेकांना लागत नव्हते.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी गाडी असेल, तर तिच्या पोटात माझ्यासारखा कुणीतरी अंधारात काम करत असेल. त्याला काय लागतं ते त्याला सांगता येत नाही. तो फक्त आवाज करतो. तो आवाज कुणासारखाही येवो, ऐकत बसू नका. कुणीतरी सांगितलं म्हणून, मऊ चालतं म्हणून, भलतं तेल घालू नका. डब्यावरची बारीक अक्षरं वाचायला दोन मिनिटं लागतात. माझ्याकडे कुणी दोन मिनिटं बघितलं नाही, आणि एक बाई पाण्यात जाता जाता राहिली. एवढंच माझं मागणं आहे.

त्याच आठवड्यात करुणा आईला घेऊन इनामगावला निघाली. उसाचा रस्ता आला. तिनं तिसरा गिअर टाकला. तिचा पाय उचलला जात नव्हता, हे गाडी ओढत राहिली त्यावरून मला कळलं. शेवटी तिनं उचलला.

वारा होता. चाकांखाली खडी वाजत होती. दुसरं काही नाही.

"तुला येतंय का काय ऐकू?" मुक्ताबाईनं विचारलं.

"न्हाई, आई."

"मला बी न्हाई."

थोडं अंतर गेलं. मग मुक्ताबाई म्हणाली, "गेला गं तुझा बाप." वर्ष होत आलं होतं, आणि हे वाक्य तिनं आजवर उच्चारलं नव्हतं. त्यानंतर तिच्यातून जो आवाज निघाला, तसा मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. तो कुठेही चढत नव्हता, उतरत नव्हता. नुसता येत राहिला. माझ्या आवाजाला लोक रडणं म्हणत होते. रडणं तसं नसतं.

करुणानं गाडी थांबवली नाही. आईला रडू दिलं, आणि रस्ता मोकळा दिसला तसा हलक्या हातानं चौथा टाकला.